शेऱ्याच्या रकान्यातला बदाम: बायपासनंतर घेतलेल्या बीपी मशीनचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचे अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले, वय ७१. बीपी वीस वर्षांचं, शुगर बारा वर्षांची. गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या हृदयाची बायपास झाली, तीन ग्राफ्ट, म्हणजे रक्ताला तीन नव्या वाटा. मी अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज. त्यामुळे मोजायच्या यंत्राबद्दल लिहायचं म्हटलं की मी खोलात जातो, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दंडाला पट्टा बांधायची अशी मशीनं तीन-चार कंपन्या बनवतात आणि आतलं काम सगळ्यांचं साधारण सारखंच. काय बघून घ्यायचं आणि घेतल्यावर पडद्यावर नेमकं कुठे बघायचं, एवढंच सांगायचंय. ते दुसरं आम्हाला उशिरा कळलं.

आधी थोडं मागचं. अण्णांचे प्रेसमधले एक मित्र होते, दोघं एकाच शिफ्टला. त्यांची बायपास अण्णांच्या आधी चार वर्षं झाली होती. छाती उत्तम भरून आली, घरी आले, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी दात घासताना उजवी बाजू लुळी पडली. लकवा. वाचले, पण बोलणं परत आलं नाही. अण्णा त्यांना भेटायला जायचे आणि आले की तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. म्हणून ऑपरेशन ठरलं तेव्हा अण्णांनी डॉक्टरांना छातीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं, "मला लकवा तर नाही ना मारणार?"

डॉक्टरांनी प्रश्न टाळला नाही, हे मला फार आवडलं. बायपासच्या आसपास शंभरातल्या एक ते तीन पेशंटना स्ट्रोक होतो, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडून लकवा मारतो, म्हणाले. काहींना टेबलावरच. महाधमनीला चिमटा लावताना-काढताना तिच्या आतला जुना चुन्यासारखा थर सुटतो आणि मेंदूकडे वाहत जातो. काहींना नंतर, शुद्धीवर व्यवस्थित आल्यावर, काही दिवसांनी. वय, बीपी, शुगर, आधी कधी स्ट्रोक येऊन गेलेला असणं आणि मानेच्या नसांतला अडथळा या गोष्टींनी धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनआधी मानेचा डॉप्लर, म्हणजे तिथल्या नसांची सोनोग्राफी, केला. डाव्या बाजूला ४० टक्के अडथळा निघाला. एवढ्यासाठी काही करायची गरज नाही, गोळ्या पुरेत, असं ठरलं.

ऑपरेशन चांगलं झालं. आठव्या दिवशी घरी.

घरात पहिलं मशीन आलं ते मनगटाचं. पुण्याच्या मावसभावाने प्रेमाने पाठवलेलं, नऊशे रुपयांचं. पहिल्या दिवशी सकाळी १५८, दहा मिनिटांनी १३१, पुन्हा १४९. आई घाबरली, अण्णा त्याहून. मी कारखान्यातली सवय म्हणून स्वतःवर पाच वेळा लावलं. पाच मापांत २२ चा फरक. असं गेज आमच्याकडे असतं तर त्याच दिवशी लाल स्टिकर लावून बाजूला ठेवलं असतं.

पुढे कारण समजलं. हात हृदयाच्या पातळीच्या १० सेंटिमीटर खाली गेला की बीपी साधारण ८ ने जास्त दिसतं. नळीतल्या पाण्याचा दाब उंचीने बदलतो, तेच गणित. मनगट मांडीवर ठेवलं, छातीवर धरलं की आकडा वेगळा. छातीला टाके, हात उचलला की हाड दुखतंय, अशा माणसाने मनगट नेमकं हृदयासमोर कसं धरायचं? बायपासच्या पेशंटला मनगटाचं मशीन देऊ नका, असं मी हात जोडून सांगतो.

दुसऱ्या दिवशी गोळे कॉलनीत गेलो. नाशिककरांना सांगायला नको, होलसेल औषधांची गल्ली. गाडी लावायला जागा मिळत नाही, ती शालिमारकडे लावून चालत जा. तिथल्या एका सर्जिकलच्या दुकानात पिकल्या केसांचे एक काका बसतात. मी म्हटलं, बीपीचं मशीन दाखवा. त्यांनी विचारलं, "दंडाचा घेर किती आहे?" मला माहीत नव्हता. मग म्हणाले, "आधी घरी फोन लावा. घेर कळल्याशिवाय मी देणार नाही." दुकानात गर्दी होती, मागे दोघं उभे होते, तरी त्यांनी मला फोन करायला लावला. आईने ब्लाउजच्या मापाचा टेप घेऊन अण्णांचा दंड मोजला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. २९ सेंटिमीटर. "मग साधा पट्टा चालेल, बावीस ते बत्तीसचा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. लोक गोळ्या वाढवून घेतात आणि मग चक्कर येऊन पडतात."

बावीसशे रुपये घेतले. खोकं उघडून चार सेल घातले, मला खुर्चीत बसवलं, पाठ टेकवायला लावली, पाय जमिनीला सपाट. पाच मिनिटं गप्प बसवलं, मग एकेक मिनिट सोडून तीन रीडिंग घेतली. १२६, १२३, १२४. माझं समाधान झालं. निघताना म्हणाले, "दादा, डॉक्टरकडे जाल तेव्हा मशीन बरोबर न्या आणि त्यांच्या मापाशी एकदा ताडून बघा." ते मी केलं. डॉक्टरांचं कानात नळी घालून १३८/८२, आमचं १३४/८०. दुकानाला पाचपैकी पाच, यात शंका नाही.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली. खोक्यावर "±३ मिमी" असं छापलेलं असतं. लोकांना वाटतं बीपी तीनच्या फरकाने अचूक. तो आकडा पट्ट्यातल्या हवेच्या दाबाचा आहे. हे मशीन वरचं-खालचं बीपी थेट मोजत नाही. हवा सुटताना पट्ट्यात ठोक्याठोक्याला जी थरथर उठते, ती टिपून हिशोबाने दोन आकडे काढतं. ठोके एकसारखे असतील तर हिशोब बरोबर. ठोके अनियमित झाले की हिशोबही डळमळतो. हे वाक्य तेव्हा मी नुसतं वाचलं होतं.

अण्णांनी वही घातली. प्रेसमध्ये आयुष्य गेलेलं, कागद मोजणं आणि नोंद ठेवणं अंगात भिनलेलं. पट्टी घेऊन सहा रकाने आखले: तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी, शेरा. सकाळी चहाच्या आधी दोन रीडिंग, रात्री जेवणाआधी दोन. डिसेंबरची थंडी आमच्या जेलरोडला चांगलीच लागते आणि थंडीत बीपी वर राहतं, म्हणून अर्धा तास शाल घेऊन बसायचे, मग बाही काढून उघड्या दंडाला पट्टा. मी कामावरून आलो की वरचं आणि खालचं बघायचो. १२८/७४. १३२/७८. छान. वही बंद.

घरी आल्याच्या अकराव्या दिवशी रविवार होता, मी निवांत बसून वही चाळली. शेऱ्याच्या रकान्यात तीन ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलं होतं: बदाम. एका ठिकाणी चित्रही काढलेलं, पत्त्यातल्या बदामासारखं, मध्ये नागमोडी रेघ. शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळी, शनिवारी रात्री.

"अण्णा, हे काय?"

"मशीनवर येतं ते. काय आहे माहीत नाही, पण दिसलं म्हणून लिहिलं."

सोबतची पुस्तिका काढली. मोजताना ठोक्याला लुकलुकतो तो साधा बदाम सगळ्यांनाच दिसतो. आकडे थांबल्यावरही जो रेघेचा बदाम पडद्यावर राहतो तो वेगळा. मोजणी चालू असताना ठोक्यांमधलं अंतर सरासरीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी-जास्त झालं आणि असं पुन्हा पुन्हा झालं, तर तो येतो. मी नाडीचा रकाना बघितला. आधी ७०, ७२, ७४. बदामाच्या ओळींत ९८, ११०, ९४. डोळ्यांसमोर होतं, आम्ही ते बघितलंच नव्हतं.

अण्णांचं मनगट हातात घेतलं. घड्याळ लावून तीस सेकंद मोजायचे होते, पण मोजताच येईना. दोन ठोके लागोपाठ, मग थांबा, मग एक बारीक, मग तीन घाईने. मी बेअरिंग कानाने ओळखणारा माणूस. खराब बेअरिंगलाही स्वतःचा एक ठरलेला ठोका असतो, आवाज दर फेरीला त्याच जागी येतो. याला तोही नव्हता. अण्णांना मात्र काहीच जाणवत नव्हतं. छातीत दुखत नव्हतं, धडधड नव्हती. "जरा दमल्यासारखं वाटतंय" एवढंच, आणि बायपास झालेला माणूस दमतोच, म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

जवळच्या फिजिशियनना फोन केला. रविवार असून त्यांनी बोलावलं, ईसीजी काढला आणि पट्टी माझ्यासमोर धरली. "एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे आवळण्याऐवजी नुसते थरथरताहेत." मग ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद मागितला आणि दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ठोके असेच बिघडले होते, औषधाने परत आले होते. छापील इंग्रजीत आठ-नऊ शब्द, सगळे संक्षेप. कुणीही ती ओळ आम्हाला वाचून दाखवली नव्हती. घरी जाताना पथ्य सांगितलं, जखम कशी पुसायची ते सांगितलं, खोकताना उशी छातीशी धरायची ते सांगितलं. नाडी बघा, असं कुणी सांगितलं नाही. या एका गोष्टीचा राग मला अजून आहे. बायपासच्या पेशंटपैकी चारातल्या एकाला तरी पहिल्या आठवड्यात हा ताल बिघडतो, बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे हे काही अपरूप नव्हे. इतकं नेहमीचं आहे तर त्याची एक मराठी चिठ्ठी हातात द्यायला काय हरकत आहे?

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला, हृदयाचं चित्र काढलं आणि डाव्या वरच्या कप्प्याच्या कडेला एक लहानशी पिशवी दाखवली. कप्पा थरथरत राहिला की या पिशवीत रक्त साचून राहतं, साचलं की गुठळी धरते. ताल परत आला किंवा नुसता एखादा जोराचा ठोका पडला की गुठळी सुटते, आणि तिथून मेंदूचा रस्ता सरळ आहे. मग स्ट्रोकच्या धोक्याचे गुण मांडले. वय ६५ ते ७४ मध्ये, १. बीपी, १. शुगर, १. रक्तवाहिन्यांचा आजार, १. एकूण ४. पुरुषाला २ किंवा जास्त गुण झाले की रक्त पातळ करायचं औषध सहसा द्यावंच लागतं, असं ते म्हणाले. ॲस्पिरिन चालूच होतं, पण या गुठळीला ते पुरत नाही. वेगळी गोळी सुरू झाली, दिवसातून दोनदा, वेळ न चुकवता. ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवायची गोळी वाढवली.

अण्णा चित्राकडे बघत होते. मग प्रेसमधल्या त्या मित्राबद्दल विचारलं, "त्याला पण हेच झालं असेल का?" डॉक्टर म्हणाले, "काका, त्यांचे कागद बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही." घरी येईपर्यंत, दत्तमंदिर चौक ओलांडेपर्यंत, अण्णा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत.

आता मशीनकडे. त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगतो. रेघेचा बदाम दिसला म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनच, असं नाही. मोजताना हात हलला, बोललात, खोकलात, अधूनमधून एखादा जादा ठोका पडला, तरी तो येतो. फेब्रुवारीत दोनदा आला तेव्हा ईसीजी स्वच्छ निघाला. उलट, ताल बिघडतो आणि तासाभरात परत येतो, मोजणीच्या वेळी नसेल तर मशीनला कळणार नाही. निदान ईसीजीच करतो. मशीन फक्त दार ठोठावतं. आम्ही ठरवलेली पद्धत अशी: बदाम आला की पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं. पुन्हा आला तर हाताने नाडी बघायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. ताल बिघडलेला असेल तर एका रीडिंगवर विसंबायचं नाही, तीन घेऊन सरासरी लिहायची, कारण मघाशी म्हटलं तसा हिशोबच डळमळलेला असतो.

स्ट्रोक या मशीनवर दिसत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं. बीपी चांगलं आहे म्हणून कुणी वाट बघत बसू नका. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढलं गेलं, दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली आला, बोलणं अडखळलं किंवा बोबडं झालं, अचानक तोल गेला, एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर मशीन कपाटात राहू द्या आणि १०८ लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते सगळ्यांना देता येत नाही. काहींची गुठळी मग तारेने ओढून काढतात. हे डॉक्टरांना पटकन ठरवता यावं म्हणून ऑपरेशनची तारीख आणि गोळीची शेवटची वेळ हाताशी हवी. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, तेही सांगता यायला हवं. आणि त्या क्षणी वरचं १९० दिसलं म्हणून बीपीची जादा गोळी आपल्या मनाने देऊ नका. ते कसं आणि किती उतरवायचं हे सीटी स्कॅन झाल्यावर डॉक्टर ठरवतात.

हे सगळं मी अण्णांच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलंय. जेलरोडवरून रात्री दोन वाजता कुठे जायचं, सीटी स्कॅन चोवीस तास कुठे चालू असतो, हे मी तीन ठिकाणी आधीच फोन करून विचारलं. द्वारकेचा चौक संध्याकाळी कसा तुंबतो ते आपल्याला माहीत आहे. म्हणून दिवसाचं ठिकाण वेगळं लिहिलंय, रात्रीचं वेगळं. तुम्हीही आपापल्या भागाचं बघून ठेवा.

मशीनबद्दल तक्रारी दोन. पुस्तिकेत बदामाची माहिती चिन्हांच्या तक्त्यात, अगदी मागच्या बाजूला, बारीक टाइपात आणि इंग्रजीत. ज्याला चाळिशी लागलीय त्याला दिसणारही नाही. पडद्यावरही वरचं-खालचं बोटभर मोठं आणि बदाम ज्वारीच्या दाण्याएवढा. ज्या चिन्हासाठी मी हे मशीन घ्यायला सांगतोय तेच सगळ्यांत लहान आहे. दुसरी, सेल उतरत आले की पट्टा फुगायला वेळ लागतो आणि मध्येच चूक दाखवून बंद होतं. आम्ही तीन महिन्यांनी सेल बदलतो, चिन्ह यायची वाट बघत नाही. या दोन गोष्टींचा एक तारा कापतो. पाचपैकी चार.

पट्टा मात्र पुन्हा मोजून घ्या. बायपासनंतर माणूस वाळतो, अण्णांचा दंड दोन महिन्यांत २७ वर आला होता. आमचं त्याच पट्ट्यात भागलं, पण किरकोळ अंगाच्या बाईमाणसाचं भागेलच असं नाही.

मार्चमध्ये हिरड्यांतून रक्त आलं म्हणून अण्णांनी रक्त पातळ करायची गोळी दोन दिवस बंद केली, कुणाला न सांगता. वहीत मात्र लिहिलं होतं, गोळी बंद. म्हणून मला कळलं. डॉक्टर खूप रागावले. दात, मोतीबिंदू, काहीही करायचं असलं तरी ही गोळी विचारल्याशिवाय थांबवायची नाही, हे आता शेऱ्याच्या रकान्याच्या वर लाल शाईने लिहिलेलं आहे.

जूनमध्ये प्रेसमधल्याच आणखी एका काकांची बायपास झाली. अण्णा भेटायला गेले ते नवी दोनशे पानी वही घेऊनच. तिथे बसून पट्टीने सहा रकाने आखले, पहिली दहा पानं. काकूंनी विचारलं, या शेऱ्यात काय लिहायचं? अण्णांनी पेन घेतलं, पहिल्या ओळीत बदाम काढला, मध्ये नागमोडी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: "हा दिसला तर फोन करा. माझा नंबर पुठ्ठ्यावर आहे."